चंची, बटवा, कसा आणि स्कॉटिश स्पोरन

रामाकोना परिसरातल्या जुन्या घरांत माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली, की शालूच्या घडीखाली किंवा पितळी पानदानाशेजारी एखादी कापडी पिशवी बरेचदा हाती लागते. कधी ती मळक्या मश्रूची असते, कधी मण्यांची, कधी नुसत्या सुताच्या जाळीची. घरातल्या नव्या पिढीला ती ‘जुनी पर्स’ वाटते. जुनी जर विकत घेणारा फेरीवाला तिच्यावरची जर तेवढी तोलतो. शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात तीच पिशवी ‘अँटिक पोटली’ म्हणून काचेत बसते. २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या आपल्या पांढुर्णा जिल्ह्यात, आणि खाली नागपूरपर्यंत, अशा पिशव्यांना प्रत्येकी वेगळं नाव होतं आणि वेगळं काम होतं. ती ओळख आता पुसट होत चालली आहे, म्हणून हा आढावा.

असाच घोळ फार दूर, स्कॉटलंडमध्येही होतो. फरने मढवलेली, धातूच्या तोंडाची, गोंडे लोंबणारी एखादी जुनी पिशवी सापडली, की ती बाईची पर्स की किल्टवर, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या घागऱ्यासारख्या वस्त्रावर, बांधायचं स्पोरन, यावर जाणकारही अडतात. तिकडच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची रीत आपल्याकडच्या चंची-बटव्याला जशीच्या तशी लागू पडते, म्हणून दोन्ही इथे शेजारी ठेवतो आहे.

मूळ कारण दोन्हीकडे एकच आहे. किल्टला खिसा नाही आणि धोतरालाही नाही. पैसे, तंबाखू, चकमक, किल्ली ही अंगावर बाळगायची तर वेगळी पिशवी हवी. फरक पडतो तो ती पिशवी राहते कुठे, यात. धोतराला आणि नऊवारी लुगड्याला कनवट असते. कापडाचा पीळ कमरेशी इतका घट्ट बसतो, की त्यात लहान पिशवी खोचली तर दिवसभर शेतात राबूनही पडत नाही. किल्टला असा पीळ नसतो, तिथे पिशवी पट्ट्याला किंवा साखळीला अडकवून समोर टांगावी लागते. खोचायची पिशवी आणि टांगायची पिशवी यांची घडण पहिल्यापासून वेगळी होते. माझं म्हणणं एवढंच, की नक्षी, जर, मणी, वय हे सगळं नंतर पाहावं. आधी ती पिशवी अंगावर कुठे आणि कशाच्या आधाराने राहत होती ते शोधावं.

स्पोरनपासून सुरुवात करतो. जुनी स्पोरनं म्हणजे हरणाच्या किंवा वासराच्या कातड्याच्या साध्या पिशव्या, तोंडाशी वादी ओवलेल्या. सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्या शतकात त्यांच्या तोंडावर पितळेची, क्वचित चांदीची, अर्धगोल कमान आली आणि तिला खिटी बसली. एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी एक खिटी आहे, जिच्यात पिस्तुलं दडवलेली आहेत: नीट न उघडणाऱ्याच्या हातावर गोळी सुटावी अशी योजना. वॉल्टर स्कॉटने ‘रॉब रॉय’ या कादंबरीत असंच स्पोरन आपल्या नायकाच्या कमरेला दिलं.

१७४६ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने स्कॉटलंडमधल्या पुरुषांना आणि मुलांना तिथल्या डोंगराळ भागाचा पोशाख घालायला बंदी केली. सैन्यातल्या शिपायांना तेवढी सूट होती. बंदी उठली १७८२ साली. मग १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला, त्या समारंभाची मांडणी स्कॉटनेच केली आणि किल्ट हा साऱ्या स्कॉटलंडचा मिरवायचा पोशाख झाला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तर त्याची फॅशनच आली. या इतिहासाचा पारखीशी सरळ संबंध आहे. बंदीपूर्वीचं स्पोरन अत्यंत दुर्मीळ. बाजारात जी ‘प्राचीन’ म्हणून येतात ती बहुतेक एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची असतात. लांब घोड्याच्या किंवा बकरीच्या केसांची स्पोरनं पलटणींमुळे रूढ झाली. त्यांच्या गोंड्यांवरून पलटण कळते: ब्लॅक वॉचच्या पांढऱ्या केसांवर पाच काळे गोंडे, आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्सचे सहा. एवढ्या लांब केसांमागे खरा खिसा मात्र तळहाताएवढाच असतो.

आता हे पर्सपासून वेगळं कसं काढायचं? पिशवी उलटी करावी. स्पोरनची पाठ साधी, कातड्याची, बिननक्षीची असते, कारण ती किल्टला टेकलेली राहते. आणि पाठीच्या वरच्या दोन्ही कडांना पट्टा किंवा साखळी ओवायच्या फटी अथवा कड्या असतात. हाताने धरायची मूठ नसते. बाईच्या जुन्या पर्सला वरच्या कमानीतूनच साखळी निघते, दोन्ही बाजूंना नक्षी असते, आत रेशमी अस्तर असतं आणि अनेकदा छोट्या आरशाचा कप्पा असतो. खरी पंचाईत होते ती व्हिक्टोरियन काळातल्या कमरेला अडकवायच्या पर्सची, कारण तीही टांगलेलीच असते. तिला वर मधोमध एक चपटा आकडा असतो, तो बाईच्या कमरपट्ट्यात अडकतो; पाठीमागे पट्ट्याची फट नसते. नुसती धातूची कमान सुटी मिळाली तर मात्र निर्णय घाईने करू नये. मध्ययुगातल्या पर्सच्या कमानी आणि स्पोरनच्या कमानी इतक्या सारख्या दिसतात, की खालची पिशवी हरवल्यावर दोन्हींत गल्लत होते.

आणखी एक गोष्ट फसवते. आज जगभर विकल्या जाणाऱ्या स्पोरनांपैकी बरीचशी पाकिस्तानातल्या सियालकोटला बनतात. तिथे किल्ट, बॅगपाइप आणि बँडचं सगळं सामान तयार करणारा मोठा धंदा आहे. वापरून मळलेलं, धातू काळा पडलेलं सियालकोटी स्पोरन वीस-तीस वर्षांत पुरेसं ‘जुनं’ दिसू लागतं. आपल्याकडेही सैन्यदलांत आणि पोलिसांत पाइप बँड आहेत, त्यामुळे अशी एखादी वस्तू नागपूरच्या जुन्या बाजारात दिसली तर ती इंग्रजांच्या काळातलीच आहे असं धरून चालू नये.

नागपूरकडे स्कॉटिश माणसं होती, म्हणून इथली कातडी पिशवी स्पोरन असेल, असाही तर्क कधी कानावर येतो. माणसं होती हे खरं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आला, गोंडांविषयी त्याने जमवलेले टिपणांचे कागद त्याच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपलने छापले, त्याच्या नावाचं कॉलेज आजही आहे. छिंदवाड्याला त्याच्याच मिशनचा जेम्स डॉसन होता, ज्याने गोंडी भाषेवर काम केलं. पण हिस्लॉपचं गाव डन्स हे स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या सखल भागात. किल्ट हा उत्तरेच्या डोंगराळ भागातला पोशाख. मिशनरी स्कॉटिश होता, एवढ्या आधारावर कुठल्याही पिशवीला स्पोरन म्हणणं चूक आहे. वस्तूनेच पुरावा द्यायला हवा.

आता आपल्याकडे येतो. सगळ्यांत गुंतागुंतीची आणि मला सगळ्यांत लोभस वाटणारी पिशवी म्हणजे चंची. ती पिशवीपेक्षा गुंडाळी म्हणावी अशी असते: वीतभर रुंद, हातभर लांब कापडी पट्टी, तिला आतून एकावर एक शिवलेले कप्पे. पानाला मोठा कप्पा, सुपारीला दुसरा, कात, लवंग, तंबाखू यांना लहान. चुन्याची डबी एका कडेला. वापरून झालं की घडी घालायची आणि टोकाचा लांब बंद भोवती गुंडाळून गाठ न मारता खोवून टाकायचा. काही चंच्यांच्या बंदाला बारीक साखळी आणि तिला कानकोरणं, दातकोरणं लावलेलं असतं. अडकित्ता बहुधा वेगळा राही, नाहीतर त्याच्या धारेने कापड फाटे.

चंची ओळखायची ती डागांवरून. काताचा तांबूस तपकिरी डाग धुऊनही जात नाही. तंबाखूचा कप्पा पिवळट आणि कडक होतो, आणि साठ-सत्तर वर्षांनीही नाकाजवळ नेला तर वास येतो. चुन्याचं तर शास्त्रच आहे: चुना अल्कधर्मी, त्याने रेशीम विरतं, सुती कापड त्याला फारशी दाद देत नाही. म्हणून बाहेरून मश्रू, खण किंवा किनखाब असलेल्या चांगल्या चंचीचे आतले कप्पे मुद्दाम साध्या सुती कापडाचे करत. ज्या पिशवीचं बाहेरचं कापड भारी आणि आतलं साधं, दणकट, डागाळलेलं, ती बहुतेक चंचीच. उलट आत-बाहेर सारखंच चकचकीत रेशीम असलेली आणि एकही डाग नसलेली ‘चंची’ दुकानदार दाखवत असेल, तर ती वापरासाठी शिवलेली नाही.

या भागात चंचीला कामही भरपूर होतं. रामटेकचे पानमळे प्रसिद्ध आहेत, बरई लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. सोयरिकीच्या बैठकीत, बाजारात गाठ पडल्यावर, बांधावर बसल्यावर चंची सोडणं हे बोलणं सुरू करण्याचं पहिलं पाऊल असे. चंची समोरच्याच्या हातात देणं म्हणजे त्याला बरोबरीचा मानणं. आणि कोणाच्या हातात ती दिली जात नसे, हेही त्याच कापडात लिहिलेलं आहे, ते विसरता येत नाही. पुढे सुपारी-तंबाखू-चुना पन्नीत घोळून केलेला खर्रा आला. त्याला कप्पे लागत नाहीत, साठवण लागत नाही, कोणाला बोलावणंही लागत नाही. चंची गेली ती एवढ्याने, आणि खर्ऱ्याच्या पन्न्या आज रस्त्याकडेला पडलेल्या असतात. तंबाखूचं चंचीतून किंवा पन्नीतून, कसंही समर्थन नाही; पण चंचीबरोबर एक शिवणकामाची कला गेली हे खरं.

बटवा सोपा आहे. गोल किंवा पाकळ्या-पाकळ्यांचा, तोंडाशी बारीक चुण्या, त्यांतून उलटसुलट ओवलेले दोन बंद. दोन्हीकडून ओढले की तोंड आवळतं. जुन्या चांगल्या बटव्याला उघडायचेही वेगळे गोंडे असतात, तोंडाच्या पुढच्या-मागच्या बाजूला. ते धरून ओढलं की तोंड फाकतं. ही चार टोकांची रचना असेल तर शिवणारा हात जाणता होता असं समजावं. औषधाची मुळी, वेखंड, जायफळ, हळकुंड ठेवणाऱ्या आजीच्या बटव्याला आत कधी दोन-तीन लहान कप्पे असतात. बटवा लुगड्याच्या कनवटीत खोचला जाई, म्हणून त्याच्या दोन्ही बाजू सारख्या झिजतात आणि पाठ अशी वेगळी नसतेच. स्पोरनशी त्याचा नेमका फरक हा.

बटव्याच्या बाबतीत आपल्याकडची खास अडचण म्हणजे रुखवत. लग्नात मांडायला म्हणून घराघरांतून मण्यांचे, जरीचे, टिकल्यांचे बटवे शिवले गेले. अगदी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत जुन्या पद्धतीनेच, आजीने शिकवलेल्या टाक्यांनी. ते एक दिवस मांडले गेले आणि पेटीत गेले. नक्षी जुनी, कौशल्य खरं, पण वापर शून्य. त्यांना शंभर वर्षांचं म्हणणं खोटं. पण त्यांना कमी लेखणंही मला पटत नाही. शिवणाऱ्या बाईचं सगळं कसब त्यांतच दिसतं, कारण वापराने काही झिजलेलं नाही.

कसा हा मात्र निव्वळ पैशाचा. लांब, अरुंद नळीसारखा, सुताने विणलेला किंवा गाठी मारून जाळीचा केलेला, कमरेला सदऱ्याच्या किंवा बंडीच्या आतून बांधायचा. त्याची रुंदी पाहावी. १८३५ नंतरचा चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि तीन सेंटिमीटरहून किंचित रुंद. जुन्या कशाची नळी त्याला बेताची असते: रुपया सरकावा पण आडवा होऊन अडकू नये. शंभर रुपये भरले तर एक किलो १६६ ग्रॅम वजन कमरेभोवती सारखं पसरायचं. कापूस विकून परतणाऱ्या माणसाला हे वजन खिशात पेलणारं नव्हतं, आणि खुळखुळणारी पिशवी वाटेत धोक्याची. जाळीच्या घट्ट कशात नाणी वाजत नाहीत. १९१७ मध्ये एक रुपयाची नोट आली, हळूहळू चांदी व्यवहारातून गेली आणि कशाला कामच उरलं नाही. नोटेला चपटी घडी लागते. तिथून पाकीट आलं. १९५७ च्या दशमान पद्धतीच्या नाण्यांच्या वेळी कसा वापरणारी माणसं म्हातारी झाली होती.

इंग्लंडमध्येही अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कशासारखीच एक लांब जाळीची पर्स होती. तिला मधोमध चीर, दोन सरकत्या कड्या, आणि दोन टोकं दोन आकारांची, म्हणजे अंधारात बोटांनी सोन्याची नाणी कुठली आणि चांदीची कुठली ते कळावं. आपला कसा एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला मोकळा. बांधायला दोन्हीकडे लांब दोर. मधली चीर आणि कड्या दिसल्या तर ती परदेशी पर्स, दोर दिसले तर कसा.

यांखेरीज काही वस्तू पर्स म्हणून विकल्या जातात आणि मुळात पर्स नसतात. गोमुखी त्यांतली पहिली. जपमाळ ओढताना हात आत घालायची ही पिशवी, गाईच्या मुखासारखी वळलेली. तिचं तोंड बंद करायला बंदच नसतो, आणि आतून हाताच्या घामाने ती काळवंडलेली असते. दुसरा खलिता: संस्थानिक आणि सरदारांची पत्रं ज्यात जात ती किनखाबाची लांबट थैली. ती एकदाच बांधायची, एकदाच उघडायची, म्हणून तोंडाशी वारंवार आवळल्याच्या चुण्या नसतात. दोरावर लाखेचा अंश सापडला तर शंकाच नको. भोसल्यांच्या नागपूर दरबाराशी संबंध आलेल्या घराण्यांत असं काही निघालं तर ते फार जपावं. तिसरं तोसदान, काडतुसांची कातडी पेटी. पाठीमागे पट्ट्याच्या फटी असल्यामुळे घडणीत स्पोरनला सगळ्यांत जवळची आपल्याकडची वस्तू तीच. पण ती ताठ, पेटीसारखी असते आणि तिला गोंडे, केस काही नसतात. न्हाव्याची धोकटी वस्तऱ्याच्या लांबीची असल्याने लगेच कळते.

केसाळ कातड्याची, समोर लोंबणारी आपली पिशवी पाहायची तर खंडोबाच्या वाघ्याकडे पाहावं. भंडारा ठेवण्यासाठी त्याच्या गळ्यात पूर्वी वाघाच्या कातड्याची पिशवी असे. ही चाल जेजुरीकडची, आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी ती फार दिसत नाही. पण दुरून पाहणाऱ्याला ती अगदी स्पोरन वाटेल: कातडं, केस, समोरची जागा. आतली हळद मात्र कधीच पूर्ण झडत नाही, शिवणीत पिवळी रेघ राहतेच. अशी पिशवी कोणाकडे असेल तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लक्षात ठेवावा. वाघाच्या कातड्याची जुनी वस्तूही मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय बाळगता येत नाही आणि विकता तर येतच नाही. युरोपातही सीलच्या कातड्याच्या व्यापारावर २००९ मध्ये निर्बंध आले आणि सीलची स्पोरनं शिवणाऱ्यांना दुसऱ्या कातड्यांकडे वळावं लागलं.

वयाचा अंदाज करायला काही ठोस खुणा आहेत. धातूचं चापाचं बटण १८८५ नंतरचं, आजच्यासारखी चेन १९१३ नंतरची, प्लॅस्टिकवर चकाकी दिलेली खोटी जर १९४० च्या दशकानंतरची. खरी चांदीची जर काळी पडते, खोटी फिकट होते आणि उकलते. १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग निघाला. त्यानंतरच्या काही दशकांत आपल्या बाजारात भडक जांभळे-गुलाबी रंग आले. मशीनची शिवण सलग, दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, हाताची तशी नाही. पण या सगळ्या खुणा एकच सांगतात: वस्तू यापेक्षा जुनी नाही. तिचं खरं वय त्या सांगत नाहीत, कारण दुरुस्ती नंतरची असू शकते. आजोबांच्या चंचीला मुलीने साठ साली नवा बंद लावला, म्हणून चंची साठ सालची होत नाही. एका खुणेवर निकाल देऊ नये. डाग, झीज, बंद आणि कापड ही चार एकाच बाजूने बोलत असतील तरच विश्वास ठेवावा.

कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. १९७२ च्याच पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियमाप्रमाणे तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. घरात ठेवायची असेल तर धुऊ नये, हे सगळ्यांत महत्त्वाचं. धुतलेली चंची स्वच्छ होते आणि मुकी होते. जुना बंद ओढून पाहू नये, उन्हात घालू नये, धुतलेल्या मऊ सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावी. पाहायचंच असेल तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावं, तिथले अडकित्ते नजर तयार करतात. नागपूरचं संग्रहालय, म्हणजे अजबबंगला, १८६३ पासून आहे, तेही जवळच.

संग्रहालयांकडे वस्तू असतात, पण ती कोणाची होती हे बहुधा नसतं. ते फक्त घरच्यांनाच ठाऊक असतं, आणि सौंसर, लोधीखेडा, मोहगाव, रामाकोन्याच्या घरांत सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. तेव्हा वाचकांना विनंती आहे: अशी पिशवी घरात असेल तर जरवाल्याला देण्याआधी आजीला, आत्याला, मोठ्या काकांना ती दाखवा. ती कोण वापरायचं, कुठे खोचायचं किंवा बांधायचं, आत काय असायचं, कोणी शिवली, हे त्यांच्याच शब्दांत एका कागदावर लिहून घ्या, तारीख घाला आणि तो कागद पिशवीबरोबर ठेवा.